सुभेदाराची चांदणी

ही हकिकत मी बरीच वर्षं टाळली. अर्धी सांगितली, ती चांगली अर्धी. माईकवर, अंगावर शाल घेऊन. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना वाटतं की पूर्ण हकिकत तेवढीच. उरलेली अर्धी सांगायची वेळ आली की मला नेमकं काहीतरी काम आठवायचं. कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, कधी नातवाचं बारसं, कधी नुसतंच ऊन. आता कामं संपली, आणि जिला सांगायचं होतं तीही गेली. तेव्हा लिहून टाकतो.

मी बुलढाण्याचा. वडील बांधकाम खात्यात कारकून होते. त्यांच्या ऑफिसच्या कोठारात मोजणीच्या साखळ्या, हातोडे, जमिनीचा उतार पाहायच्या दुर्बिणी असं बरंच इंग्रजांच्या काळातलं सामान पडून होतं. त्यातल्या पुष्कळ वस्तूंवर एकच खूण ठोकलेली असायची. एका टोकाला मिळणाऱ्या तीन रेघा, कोंबडीच्या पायासारख्या. तो सरकारी बाण. वडिलांना त्या बाणाची फार भीती. एकदा चुकून त्यांच्या पिशवीतून एक लोखंडी फूटपट्टी घरी आली. आई तिच्यानं पोळीचा काठ कापायला लागली तेव्हा वडिलांची नजर बाणावर गेली. जेवण टाकून ते ऑफिसात पळाले आणि पट्टी जागेवर ठेवून आले. "बाणाची वस्तू घरात सापडली तर माणूस आत जातो," हे वाक्य आमच्या घरात शुभंकरोतीइतक्या वेळा म्हटलं गेलं असेल.

पुढे मला मोताळा तालुक्यात, धामणगाव बढेच्या अलीकडच्या एका गावात इंग्रजीचा शिक्षक म्हणून नोकरी लागली. तेव्हा गावात इंग्रजी वाचणारे आम्ही दोघंच. एक मी आणि दुसरा हिवरा आश्रमाकडचा एक बुटका मास्तर, जो भूगोल शिकवायचा आणि कोणी काही वाचायला आणलं की "त्या सरांकडे जा" म्हणून माझ्याकडे पाठवायचा. फवारणीच्या डब्यावरचं वाच, कोर्टाचा कागद वाच, तार वाच. तार आणणारा माणूस ओट्याखाली उभा राहायचा आणि कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायचा. मी तोंड उघडेपर्यंत त्याचा श्वास अडकलेला. पंचविशीच्या आतल्या पोराला हे फार चढतं. मला चढलं.

माझ्या खोलीच्या समोरच्या घरात सुभेदार राहायचे. दुसऱ्या महायुद्धात जाऊन आलेले, उंच, कमी बोलणारे. वावरात जातानासुद्धा पावलं मोजल्यासारखी पडायची. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्या वाटचंही बोलायची. मी एकटा राहतो म्हणून दर दोन-चार दिवसांनी काकूंची हाक यायची, "मास्तर, भाकर टाकून राह्यली, या!" आणि मी गेलो की, "बुलढाण्याचे लोक चमच्यानं खातात का हो ठेचा?"

सुभेदारांकडे एक रिव्हॉल्व्हर होतं. पलटणीतला इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना त्यांना देऊन गेला होता. रीतसर लायसन होतं. वर्षभर ते लोखंडी पेटीत असायचं आणि खंडेनवमीला बाहेर निघायचं. त्या दिवशी आमच्याकडे विळा, कुऱ्हाड, वखराची पास, सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. सुभेदारांच्या पाटावर विळ्याच्या शेजारी ते रिव्हॉल्व्हर असायचं. काकू करंगळीशेजारचं बोट तुपात बुडवायच्या, मग हळदीत, मग कुंकवात, आणि ते बोट रिव्हॉल्व्हरच्या एका ठरावीक जागी टेकवायच्या. मुठीच्या जरा वर, डाव्या अंगाला. दर वर्षी तिथंच. तिथं म्हणे चांदणी होती.

स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी गावानं ठरवलं की लढाईवर गेलेल्या गावच्या माणसांची नावं दगडावर कोरायची आणि तो दगड शाळेच्या मैदानात झेंड्याच्या खांबाजवळ बसवायचा. तहसीलदार अनावरणाला येणार होते. दगड आला, पाथरवटानं खडूनं ओळी आखल्या, नावं लिहिली. सुभेदारांचं नाव मधल्या ओळीत होतं. कोरायला वरून सुरुवात झाली होती.

अशा वेळी कमिटीतल्या एकानं शंका काढली. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "सुभेदाराची ते बंदूक, ते कायची हाय? उद्या तहसीलदारानं विचारलं तं?"

"लायसन हाय ना बापा."

"लायसन ठेवाचं हाय. आनली कुठून, ते कुठी लिहेल हाय?"

मग सगळे माझ्याकडे वळले. त्यावर इंग्रजीत काहीतरी ठोकलेलं आहे, सर वाचून सांगतील. खंडेनवमी दोन दिवसांवर होती. चोरून काही करायचं नव्हतं. पूजेच्या दिवशी प्रसादाला जायचं, तेव्हा बघून घ्यायचं.

आम्ही गेलो. ओटा भरलेला होता. सुभेदारांनी स्वतः रिव्हॉल्व्हर उचलून माझ्या हातात दिलं, एखादं लेकरू द्यावं तसं, खालून हात लावून. मी ते उजेडाकडे फिरवलं. मुकुटाचे बारके शिक्के होते, आकडे होते, ते मला कळले नाहीत. पण मुठीच्या वर, कुंकवाच्या ठिपक्याच्या कडेला, मला एक गोष्ट कळली आणि माझ्या अंगावर वडिलांच्या भीतीचा काटा आला. तीन रेघा. कोंबडीचा पाय.

"हा सरकारी बाण आहे," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. ओट्याखालच्यांनाही ऐकू जाईल असं. "हा बाण ज्या वस्तूवर, ती वस्तू सरकारची. ती कोणी कोणाला देऊ शकत नाही."

सुभेदार म्हणाले, "साहेबानं देल्ली. जाताना देल्ली."

"साहेबाची होती की सरकारची होती?"

ते गप्प झाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. साहेबानं दिली, यांनी सलाम ठोकून घेतली. सैनिक साहेबाला असले प्रश्न विचारत नाही, हे आज मला कळतं. तेव्हा मला त्या गप्प बसण्यात उत्तर सापडलं.

मग काकू पुढे आल्या. हाताला कुंकू तसंच. "बाण कुठचा मास्तर? चांदणी हाय ते. साहेबानं चांदणी मारून देल्ली. हे मले घरी आले तवाच सांगत होते."

मी हसलो. माझ्या त्या स्वच्छ, शहरी मराठीत म्हणालो, "काकू, चांदण्या आकाशात असतात."

ओटा हसला. हसणं ओट्यावरून अंगणात गेलं, अंगणातून रस्त्यावर. सुभेदारांनी माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि आत गेले. काकूंनी प्रसाद वाटायचा थांबवला नाही. मलाही दिला.

दुसऱ्या दिवशी पाथरवटानं मधल्या ओळीतला खडू पुसला. वरची आणि खालची नावं आधीच आखून झाली होती, त्यामुळे ती ओळ रिकामीच राहिली. तहसीलदारांनी अनावरण केलं तेव्हा त्यांना वाटलं असेल की पाथरवटाचं माप चुकलं.

त्याच्या आधी पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे पहिली सलामी सुभेदारांची असायची. त्याच्यानंतर ते मैदानात आले नाहीत. कुंपणाच्या बाहेर, कडुलिंबाखाली उभे राहायचे. राष्ट्रगीत सुरू झालं की टाचा जुळायच्या, हात कपाळाला लागायचा. संपलं की घरी. मी मुलांच्या रांगा सांभाळत असायचो आणि कडुलिंबाकडे पाठ करून उभा राहायचो.

आणि तो शब्द. तो गावानं उचलला. आमच्या गावात चोरीच्या मालाला चांदणी म्हणायला लागले. कोणाच्या वावरातून पोट्ट्यांनी हरभरा उपटून आणला की, "काय बे, चांदणी आनली का?" नवी सायकल घेऊन कोणी आला की, "पावती हाय, का सुभेदाराची चांदणी?" पुढे पुढे ज्या पोरांना सुभेदार कोण हेही माहीत नव्हतं, तीही बोलायची. काकूंच्या दारासमोरून जाताना बोलायची. मी वर्गात हा शब्द ऐकला की त्या पोराला उभं करायचो. सगळ्यांना वाटायचं, सर शिस्तीचे.

सुभेदार गेले, तेव्हा मी खांदा दिला. मधली वर्षं अशीच गेली. मी त्याच गावात निवृत्त झालो, तिथंच घर बांधलं. हिवरा आश्रमाकडचा मास्तर बदली होऊन केव्हाच गेला होता. काकूंचा मुलगाही वडिलांमागून काही वर्षांनी गेला, आणि रिव्हॉल्व्हरचं लायसन वारस म्हणून नातीच्या नावावर झालं. ही नात माझी विद्यार्थिनी, आता गावाजवळच्याच शाळेत शिक्षिका. काकू नव्वदीला टेकल्या होत्या आणि नातीला हुकूम सोडत होत्या.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी नात माझ्याकडे आली. हातात पिशवी.

"सर, लायसनचं सगळं आता कॉम्प्युटरवर घेऊन राह्यले. कुठल्या कंपनीचं ते लिहा, नंबर लिहा, खुणा लिहा. जुन्या लायसनवर नुसतं 'एक विलायती रिव्हॉल्व्हर' आहे. बुलढाण्याला तपासणीला न्यायचं आहे. त्याच्या आधी तुम्ही वाचून द्या ना. आजी म्हणाली, मास्तरले दाखव."

"आजी म्हणाली?"

"हाव. म्हणे, त्यायले वाचता येते."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. तिला माहीत नव्हतं.

तिनं रिव्हॉल्व्हर काढलं, अंगठ्यानं खटका दाबला. नळी पुढे झुकली, हत्यार मधून मोडल्यासारखं उघडलं. सहाही घरं रिकामी होती. मुठीच्या तळाला दोरी ओवायची कडी. मी चष्म्यावर भिंग धरलं आणि एकेक शिक्का कागदावर उतरवू लागलो. नळीखालच्या सांगाड्यावर नंबर होता. तोच नंबर गोळ्यांच्या चक्रावर होता. बारीक मुकुट, मुकुटाखाली अक्षर आणि आकडा. हे सगळं पूर्वीही तिथंच होतं. तेव्हा मी बाण पाहिला आणि बाकीचं बघायचं थांबवलं होतं.

आणि तो बाण. मुठीच्या वर, डाव्या अंगाला. त्याच्या टोकाशी एक काळपट लाल पापुद्रा बसलेला होता. हळद, कुंकू, तूप. दर खंडेनवमीचा एक थर. सुभेदारांनी ओट्यावर पूजा करायचं सोडलं, पण दार लावून आत चालूच ठेवली होती. त्यांच्यामागे काकूंनीही. इतक्या वर्षांत तो थर लाखेसारखा घट्ट झाला होता.

"हे काढू का?" मी विचारलं.

"काढा ना. पूजेचंच आहे, आजी परत लावील."

शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकले आणि चहा होईपर्यंत थांबलो. मग आगकाडीच्या उलट्या टोकानं हळूहळू उकरायला लागलो. थर आधी हललाच नाही. मग एक कपचा निघाला, त्याच्यामागून लाल चिखल. मी कापसानं टिपला आणि भिंग धरलं.

बाणाच्या टोकाला दुसरा बाण होता.

पहिल्यापेक्षा उथळ, जरा तिरका, नंतर ठोकलेला. तोंड उलट. पहिल्याच्या टोकाला टोक लावून. तीन रेघा इकडून, तीन रेघा तिकडून, मधे एकाच ठिपक्यात मिळालेल्या. ज्याला वाचता येतं त्याला दोन बाण दिसतील. ज्यानं कधी बाण पाहिला नाही त्याला काय दिसेल?

चांदणी दिसेल. सहा टोकांची, स्पष्ट, अंगणात रांगोळीनं काढतात तशी.

माझ्या हातातलं भिंग टेबलावर पडलं. नातीला वाटलं, म्हातारपण. तिनं उचलून दिलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. दुसरी म्हणजे मनात आलं, की पुन्हा बोट तुपात बुडवावं आणि झाकून टाकावं. दुसऱ्या गोष्टीची मला लाज वाटते. पण पहिलीही खरी होती. उलटा बाण म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की कोणीही उगाच कष्ट घेऊन सरकारी शिक्क्याला उलटा शिक्का लावत नाही.

"मीही येतो बुलढाण्याला," मी म्हणालो.

तिच्या स्कूटीवर मागे बसून गेलो. मांडीवर पिशवी, पिशवीत लायसन आणि रिव्हॉल्व्हर. राजूर घाटात ती वळणं अशी घेत होती की लढाईत जाऊन आल्यासारखं वाटलं. "घाबरू नका सर," ती ओरडली, "गोळ्या नाहीत त्यात!"

पोलीस मुख्यालयात शस्त्रं तपासणारा माणूस होता, चाळिशीचा, गप्पिष्ट. त्यानं हत्यार उघडलं, नळीतून खिडकीकडे पाहिलं, बंद केलं.

"हे कोणी घासलं?"

"मी," मी म्हणालो. "तेलानं. हळूच."

"नशीब. लोक वाळूच्या कागदानं घासतात हो काका, आणि मग मलेच विचारतात, नंबर कुठी गेला म्हणून." त्यानं नंबर जुळवून पाहिले. "चक्र आणि सांगाडा एकाच घरातले. संसार टिकला." मग नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक आकड्यांवर नख ठेवलं. "हे पहिल्या महायुद्धातलं वर्ष. म्हणजे ताई, तुमच्या आजोबाच्या हातात यायच्या आधी याची एक लढाई होऊन गेली होती. इंग्रज फौजेतलं अधिकाऱ्याचं हत्यार."

"आणि हे?" मी डावं अंग त्याच्यापुढे केलं.

त्यानं भिंग लावलं आणि चेहरा खुलला. "अरे वा. हे फार कमी दिसते. हे पाहा, बाण म्हणजे माल फौजेचा. पण त्याच्या टोकाला उलटा बाण मारला, की फौजेचा हक्क संपला. सरकारनं हे रीतसर विकून मोकळं केलं. साहेबानं विकत घेतलं असेल, जाताना तुमच्या आजोबाले दिलं असेल. हे असं विकलेलं हत्यार ओळखता यावं, कोणी चोर म्हणू नये, म्हणून तर हा शिक्का."

नात खुर्चीतून अर्धी उठली. "पुन्हा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं आणि फोनमध्ये भरून घेतलं. मग खाली बसली आणि ओढणीत तोंड घालून हमसून रडली. तो बिचारा गोंधळला. "काऊन ताई? चांगलंच आहे ना हे."

"आमच्या गावात चोरीच्या मालाला आजोबांचं नाव आहे," ती म्हणाली.

"मंग गावात कोणी वाचून नाही पाह्यलं कधी?"

"पाहिलं म्हणतात. कोणी हिवरा आश्रमाकडचा मास्तर होता म्हणे, बुटका. त्यानं बाण सांगितला."

शस्त्रवाला हसला. "अर्धवट इंग्रजी. त्याच्यापेक्षा अडाणी परवडला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वयाचा मान म्हणून, मी काही म्हणेन म्हणून.

"असेल," मी म्हणालो. "जुन्या काळचे लोक."

हे वाक्य मी बोललो. त्या बिचाऱ्या भूगोलाच्या मास्तरानं रिव्हॉल्व्हर कधी डोळ्यानंही पाहिलं नव्हतं. माझी चूक गावानं चुकून त्याच्या नावावर टाकली होती आणि मी ती तिथंच राहू दिली.

बाहेर पडल्या पडल्या नातीनं आजीला फोन लावला, स्पीकरवर. "आजी! चांदणीच आहे! सरकारनं विकल्याची खूण आहे ते! चोरीची नाही, उलट चोरीची नाही म्हणूनच चांदणी!"

पलीकडून काकूंचा आवाज, भांडणात जिंकलेल्या माणसाचा असतो तसा. "मंग? मी काय म्हनत होती? येताना पेढे आन. आन मास्तरले घेऊन ये घरी."

पुढचं सगळं आनंदाचं आहे आणि ते मी हात आखडून लिहिणार नाही. ग्रामसभेत नातीनं फोनमधला आवाज ऐकवला. लायसनवर शस्त्रवाल्याच्या सहीनं खुणेची नोंद झाली होती, ती वाचून दाखवली. मी फळ्यावर दोन बाण काढून दाखवले, आधी वेगवेगळे, मग टोकाला टोक लावून, आणि मागच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं माय, चांदणी!" सभा उठून उभी राहिली. कोणी ठरावाची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच आठवड्यात पाथरवट आला. दगडावरची रिकामी ओळ तशीच होती, शेवाळ धरलेली. नाव तिच्यात असं बसलं की जणू ती जागा त्याच्याचसाठी राखून ठेवली होती. नावापुढे चांदणी कोरायची कल्पना सरपंचबाईंची. बाकी कोणाच्या नावापुढे नाही, फक्त सुभेदारांच्या.

पंधरा ऑगस्टला काकूंना खुर्चीसकट मैदानात आणलं. कुंपणाच्या आत, अगदी खांबाजवळ. झेंडा चढला. राष्ट्रगीत संपल्यावर शाळेतल्या मुलांच्या पथकानं दगडाकडे तोंड करून सलामी दिली. एवढी वर्षं मी ज्या कडुलिंबाकडे पाठ करून उभा राहिलो, त्याच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा तोंड केलं. तिथं कोणी नव्हतं.

काकू दगडापाशी गेल्या. नातीनं ताट धरलं. तेच बोट तुपात, मग हळदीत, मग कुंकवात, आणि दगडातल्या चांदणीवर टेकलं. टाळ्या, घोषणा, कोणीतरी फटाक्यांची लड लावली. आता गावात चांदणीचा अर्थ फिरला आहे. पोराला दहावीत चांगले मार्क मिळाले की म्हणतात, "चांदणी लागली!" मी स्वतः ऐकलं आहे. शब्द उलटा फिरताना पाहायला मिळणं हे भाषेच्या मास्तरासाठी मोठं भाग्य.

मग सरपंचबाईंनी माईक घेतला. "ज्यांच्या अभ्यासू नजरेनं ही खूण ओळखली, ते आपले सर!" शाल, श्रीफळ. मी वाकून घेतलं. माईक माझ्या हातात आला. तेव्हा सांगायचं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हणालो, "पूर्वी वाचण्यात काही चूक झाली होती, ती आज दुरुस्त झाली याचा आनंद आहे." झाली होती. जणू पाऊस झाला होता.

काकूंनी हात करून मला जवळ बोलावलं. बोटाला उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, आता दिसली ना?"

शेजारच्यांना वाटलं, म्हातारी दगडावरच्या कोरीवकामाबद्दल विचारते आहे.

"हाव काकू," मी म्हणालो. "दिसली."

त्यांचा चेहरा त्या दिवशी इतका प्रसन्न होता की मी स्वतःला सांगितलं, आज नको. उद्या घरी जाऊन बोलू.

उद्या गेलो. परवाही गेलो. काकू जिंकल्याच्या तोऱ्यात असायच्या, शेजारणींना हकिकत सांगत. मास्तर आधी चुकला होता हे त्या कोणालाच सांगत नव्हत्या. माझ्यासमोर नाही, माझ्यामागेही नाही, हे मी नातीकडून काढून घेतलं. त्यांना पक्कं आठवत होतं, आणि त्या गप्प होत्या. बोलघेवडी बाई त्या एका गोष्टीवर गप्प होती, मीच बोलावं म्हणून की मला बोलायला लागू नये म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका सकाळी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी सुरुवात केली. "काकू, त्या खंडेनवमीला मी..."

"चहा घ्या आधी," त्या म्हणाल्या. "निवून राह्यला."

मी चहा घेतला. कप खाली ठेवला तेव्हा कोणीतरी आलं, दगडावरची चांदणी पाहायला गावात आलेल्या पाहुण्यांना घेऊन. काकू दिमाखात उठल्या आणि वाक्य तिथंच राहिलं.

दिवाळीच्या सुमारास त्या झोपेतच गेल्या. सुखानं गेल्या, असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. त्यांच्या नवऱ्याचं नाव दगडावर होतं, त्यांचा शब्द गावानं मान्य केला होता. त्या हरल्या नाहीत. राहून गेलं ते माझंच. गावानं हेही ऐकावं: हिवरा आश्रमाकडच्या मास्तराचा यात काही संबंध नाही. बाण वाचणारा मी होतो. हसणाराही आधी मीच.

त्या वाक्यासाठी मी खूप दिवस शब्द जुळवत होतो. आधी ते माझ्या मराठीत जुळवले, बुलढाण्याच्या, ऑफिसच्या. त्यात ते माफीनाम्यासारखं वाटायचं. मग त्यांच्या बोलीत जुळवलं तेव्हा नीट बसलं. त्या सकाळी, चहाच्या कपामागे, माझ्या ओठावर होतं ते एवढंच:

"काकू, चांदणीच होती ते. तुमी सांगत होत्या, मले वाचता नाही आलं. तुमच्याच ओट्यावर तुमाले हसलो मी. माफ करा मले."